बॅटरी ‘गेली’ म्हणजे नेमकं काय झालं? इन्व्हर्टरची बॅटरी बदलण्याआधी आणि बदलताना

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, साताऱ्याला, रात्री बाबांचा नेब्युलायझर चालू असताना लाईट गेली. इन्व्हर्टर लागला आणि सातव्या-आठव्या मिनिटाला टूं-टूं करत बंद पडला. याच बॅटरीवर पूर्वी चार तास निघायचे. सकाळी आलेल्या मेकॅनिकने वरवर पाहिलं आणि सांगितलं, “बॅटरी गेली. नवीन टाका, सोळा हजार होतील.”

पैसे द्यायच्या आधी मी टर्मिनलवरचं, म्हणजे बॅटरीला वायर जोडतात त्या टोकावरचं, प्लास्टिकचं टोपण काढून पाहिलं. खाली पांढऱ्या-हिरवट भुकटीचा गठ्ठा जमला होता. इन्व्हर्टर बंद करून वायर सोडवली, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने ती भुकटी घासली, कोरडी केली, नट घट्ट आवळला. दिवसभर चार्जिंगला ठेवून रात्री मुद्दाम मेन बंद केला. दोन तास पन्नास मिनिटं पंखे फिरले. पुढे दीड वर्ष ती बॅटरी चालली. मग पुन्हा तसाच दहा मिनिटांत दम सुटू लागला. त्या वेळी मात्र ती खरोखर संपली होती आणि आम्ही ती बदलली.

दोन्ही वेळा लक्षण एकच होतं, आजार वेगळे होते. उन्हाळा आला, लाईट जाऊ लागली की घरोघरी बॅटऱ्या बदलल्या जातात. त्यातल्या काही उगाच बदलल्या जातात आणि काही चुकीच्या पद्धतीने. म्हणून हा विषय मुळापासून पाहू.

डब्याच्या आत काय असतं

घरच्या इन्व्हर्टरची नेहमीची बॅटरी शिसे आणि ॲसिडची असते. वर सहा झाकणं दिसतात, कारण आत सहा वेगळी घरं आहेत. प्रत्येक घराला ‘सेल’ म्हणतात. एक सेल साधारण २ व्होल्टचा, असे सहा एकापुढे एक जोडून १२ व्होल्ट होतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या प्लेटा पातळ केलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात.

वीज वापरताना ॲसिडमधला गंधकाचा भाग प्लेटांवर जाऊन बसतो. त्या थराला लेड सल्फेट म्हणतात. ॲसिड त्यामुळे अधिकाधिक पाण्यासारखं होतं. चार्जिंगमध्ये उलटं घडतं, थर सुटून पुन्हा ॲसिडमध्ये येतो. ही ये-जा सुरळीत चालली की बॅटरी ठणठणीत. बॅटरी अर्धवट चार्ज किंवा रिकामी राहिली की तो थर कडक खडे धरतो आणि मग चार्जिंगनेही सुटत नाही. मेकॅनिक ज्याला ‘सल्फेशन’ म्हणतात ते हेच.

दुसरी झीज प्लेटांची. प्लेटांवरचा लेप वर्षानुवर्षं थोडाथोडा झडतो आणि तळाशी गाळ होऊन बसतो. ‘ट्युब्युलर’ बॅटरी जास्त टिकते ती यामुळेच. तिच्या धन प्लेटांचा लेप कापडासारख्या बारीक नळ्यांमध्ये भरलेला असतो, म्हणून तो सहजी झडत नाही.

पातळी पूर्ण, पाणी कमी

“पण मशीनवर तर फुल चार्ज दाखवतंय!” ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते.

गाळाने भरलेलं गावतळं आठवा. पावसाळ्यात ते काठोकाठ भरलेलं दिसतं आणि माघाच्या आतच कोरडं पडतं. पाण्याची पातळी खोटी नसते, तळ्याची खोली गेलेली असते. बॅटरीत व्होल्ट म्हणजे ती पातळी आणि अँपिअर-अवर, म्हणजे दुकानात बोलतात तो ‘एएच’, म्हणजे तळ्यात मावणारं पाणी. जुन्या बॅटरीची पातळी चटकन भरते, कारण भरायला जागाच उरलेली नसते. त्यामुळे जुनी बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर ‘फुल’ होऊ लागली तर ती सुधारली असं समजू नका. तो उताराला लागल्याचा इशारा आहे.

डब्यावर १५० एएच लिहिलेलं असतं. १२ ला १५० ने गुणलं की १८०० वॅट-तास येतात. त्यातले सगळे हाती येत नाहीत. बॅटरी पूर्ण खरवडून काढायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही काही खातो. नव्या बॅटरीतून घराला ११०० ते १२०० वॅट-तास मिळाले तर हिशोब बरोबर आहे. जुने दोन पंखे, चार एलईडी दिवे, टीव्ही आणि वायफायचा डबा मिळून २८० वॅटच्या आसपास जातात, म्हणजे चार तास. तुमची बॅटरी याच भारावर आता एक तासही काढत नसेल, तर तळं तीन चतुर्थांश बुजलं आहे.

घरीच तपासणी

यासाठी लागतो एक साधा मल्टीमीटर आणि जमलं तर हायड्रोमीटर. हायड्रोमीटर म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी रबरी फुग्याची काचनळी. बॅटरीच्या दुकानात ती थोड्या पैशांत मिळते.

आधी डोळ्यांनी पाहा. टर्मिनलवर भुकटी आहे का, नट सैल आहे का, झाकणांवरचे पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट लाल खुणेला गेलेत का, डबा कुठे फुगलाय का. मग बॅटरी पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लगही काढा, तीन-चार तास तशीच राहू द्या आणि व्होल्ट मोजा. १२.५ ते १२.७ आले तर ठीक. साडेदहाच्या आसपास आले तर सहापैकी एक सेल मेला आहे, कारण बरोबर एका सेलचे दोन व्होल्ट गायब आहेत. आमच्या बॅटरीच्या दुसऱ्या वेळी हेच निघालं. हायड्रोमीटरवर पाच सेल १२३०-१२४० दाखवत होते आणि धन टोकापासून तिसरा सेल ११२०. साखळीची एक कडी तुटली की बाकीच्या पाच कितीही मजबूत असून काय उपयोग? तिथे दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

व्होल्ट नीट आले तरी खरी परीक्षा भार टाकून होते. मेन बंद करा, पंखे-दिवे लावा आणि मल्टीमीटर बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवून पाहत राहा. दहा मिनिटांतच काटा ११ च्या खाली आला तर बॅटरी बदलायची वेळ आली. आता सोळा हजार वाचवणारी पायरी. भार चालू असतानाच तेच व्होल्ट वायरच्या इन्व्हर्टरकडच्या टोकाला मोजा. बॅटरीवर १२.१ आणि इन्व्हर्टरपाशी ११ असं काही निघालं, तर वीज वाटेत गळतेय. दोष वायरचा, थिंबलचा (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीचा) किंवा भुकटी धरलेल्या टर्मिनलचा आहे. इन्व्हर्टरला ते कळत नाही. त्याच्यापर्यंत व्होल्ट कमी पोचले की बॅटरी संपली असं समजून तो बंद होतो. इन्व्हर्टरकडचं टोक यंत्राच्या आत असेल तर मात्र स्वतः खोलू नका. मेकॅनिकला तुमच्यासमोर मोजायला सांगा.

पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला आणि खुणेपर्यंतच. आरओचं पाणी पिण्याला चांगलं असलं तरी त्यात क्षार उरतातच. एसीच्या नळीतून गळणारं पाणी धूळ आणि धातूचे कण घेऊन येतं. आणि ॲसिड कधीही घालू नका. कमी होतं ते पाणी, ॲसिड तिथेच असतं. ‘ॲसिड बदलून बॅटरी नवी करून देतो’ म्हणणाऱ्याकडून चार दिवस हायड्रोमीटरचा आकडा वर जाईल, पण झडलेला लेप प्लेटेवर परत चढणार नाही.

“आमच्याकडे लाईट जातच नाही, मग ती खराब कशी झाली?”

वापरली नाही म्हणजे टिकेल, हा हिशोब भांड्याकुंड्यांना लागू पडतो, बॅटरीला नाही. सतत चार्जिंगवर उभ्या असलेल्या बॅटरीच्या प्लेटांची जाळी आतून हळूहळू गंजत राहते. उंच डब्यात जड ॲसिड खाली आणि हलकं वर असे थर होतात. प्लेटांचा खालचा भाग त्यात होरपळतो आणि वरचा उपाशी राहतो. त्यासाठी महिन्यातून एकदा मेन बंद करून तासभर घर बॅटरीवर चालवा आणि नंतर पूर्ण चार्ज होऊ द्या.

खरा वैरी मात्र उष्णता. बॅटरीच्या आतलं तापमान दहा अंशांनी वाढलं की झिजेचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे आयुष्य निम्म्यावर येतं. विदर्भात पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा पश्चिमेच्या गॅलरीत उन्हात ठेवलेली बॅटरी पाच वर्षांची दोन-अडीच वर्षांत संपते. त्यात कंपनीची काही फसवणूक नसते.

आणखी एक कारण कोणी सांगत नाही. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, ‘यूपीएस मोड’चं. त्यात लाईट गेल्यावर अदलाबदल इतकी चटकन होते की कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण या मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत चोखंदळ होतो. वाड्या-वस्त्यांवर संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर उतरतं, त्या वेळी लाईट असूनही तो घर बॅटरीवर टाकतो. घरात कॉम्प्युटर नसताना हे बटण चालू राहिलं असेल, तर बॅटरी रोज संध्याकाळी विनाकारण राबतेय.

“बदलतोच आहोत तर मोठी घेऊ का?”

१५० च्या जागी २०० एएच घेण्याचा मोह होतो. त्याआधी इन्व्हर्टर किती अँपिअरने चार्ज करतो ते पाहा. ढोबळ नियम असा की चार्जिंगचा प्रवाह एएचच्या दहाव्या भागाइतका हवा, १५० ला १५ आणि २०० ला २०. दहा अँपिअरच्या चार्जरला २०० ची बॅटरी लावली आणि दिवसातून दोनदा लाईट जात असली, तर ती कधीच पूर्ण भरणार नाही आणि सल्फेट धरून लवकर मरेल. नळ बारीक असताना टाकी मोठी बसवून पाणी वाढत नाही.

माझं मत विचाराल तर त्या जादा पैशांत दोन बीएलडीसी पंखे घ्या. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा तीसच्या आसपास. वर मांडलेल्या घरात २८० चा भार १९० वर येतो आणि त्याच १५० च्या बॅटरीवर चारचे सहा तास होतात. वीजबिल वाचतं ते वेगळंच.

घेताना तीन गोष्टी वाचा. एएचपुढे ‘सी१०’ आहे की ‘सी२०’? सी२० म्हणजे वीस तासांत सावकाश रिकामी केली तर इतकी, सी१० म्हणजे दहा तासांत काढली तरी इतकी. त्यामुळे सी१० ची १५० ही सी२० च्या १५० पेक्षा जास्त ताकदीची. दुसरं, तयार झाल्याची तारीख. दुकानात सहा-आठ महिने पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत असते, ती नको म्हणा. तिसरं, वॉरंटीतलं अधिकचं चिन्ह. ‘३६+२४’ म्हणजे सरसकट पाच वर्षं नव्हेत. पहिले ३६ महिने फुकट बदलून मिळते, पुढचे २४ महिने नव्या बॅटरीवर फक्त काही टक्के सूट. गाडीची बॅटरी स्वस्त मिळाली म्हणून इन्व्हर्टरला लावू नका. क्षणभर जोरात प्रवाह देऊन इंजिन सुरू करायचं, यासाठी तिच्या प्लेटा पातळ केलेल्या असतात. तासन्‌तास पंखे ओढायला लावले तर काही महिन्यांत बसते.

“दोनपैकी एकच खराब आहे, एकच बदलली तर?”

मोठ्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्या बैलजोडीसारख्या चालतात. एक तरणा आणि एक थकलेला जुंपला तर तरण्यालाही नीट ओढता येत नाही. जुनी बॅटरी आधी भरते आणि उकळत राहते, नवी मात्र अर्धपोटी राहते. शेवटी दोन्ही जातात. दोनपैकी एक पहिल्या सहा-आठ महिन्यांतच बिघडली असेल तर त्याच कंपनीची, त्याच क्षमतेची एक बदलून चालून जातं. तीन-चार वर्षांनंतर जोडीच बदला.

लिथियमचं काय?

घरासाठी जी लिथियम बॅटरी मिळते ती बहुतेक लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची असते. पाणी घालायला नको, वजन फार कमी, चार्जिंग लवकर, आणि दोन-तीन हजार वेळा भर-उपस सोसते. पण तिचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतात आणि अखेरीस एकदम कोसळतात. त्यामुळे शिशाच्या बॅटरीसाठी बनलेला इन्व्हर्टरचा तिच्याबद्दलचा अंदाज चुकतो आणि चार्जिंगचे व्होल्टही तिला जुळतीलच असं नाही. इन्व्हर्टरवर लिथियमची सेटिंग नसेल तर जुन्या यंत्राला ती जोडू नका. रोज दोन-चार तास लाईट जाते आणि इन्व्हर्टरही बदलायचाच आहे, तर लिथियमचे पैसे वसूल होतात. महिन्यातून एखाद्या देखभालीच्या दिवसापुरती लाईट जात असेल तर ट्युब्युलर पुरेशी आहे.

प्रत्यक्ष बदलताना

१५० एएचची भरलेली बॅटरी ५० ते ६० किलोची असते आणि आत ॲसिड डचमळत असतं. एकट्याने उचलू नका. पाठ जायबंदी होते आणि डबा कलला तर पायावर ॲसिड येतं. दुकानदाराचा माणूस बसवून देत असेल तर त्यालाच बसवू द्या, पण पुढचं सगळं उभं राहून पाहा.

आधी इन्व्हर्टर पुढच्या बटणाने बंद, मग त्याचा प्लग भिंतीतून बाहेर. नुसता मेन पाडून भागत नाही, कारण मेन पडला की इन्व्हर्टर स्वतः २३० व्होल्ट तयार करतो. अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी, धातूचं घड्याळ काढून ठेवा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पाना किंवा बांगडी दोन्ही टर्मिनलना एकदम लागली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू लाल होऊन कातडीला चिकटतो. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या. डोळ्यांवर चष्मा हवा. ॲसिड उडालंच तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरकडे जा.

जुन्या जोडणीचा मोबाईलवर फोटो काढा. दोन बॅटऱ्या असतील तर मधली छोटी वायर कुठून कुठे जाते ते त्यात नीट दिसू द्या. सोडवताना आधी काळी, म्हणजे ऋण. जोडताना आधी लाल, शेवटी काळी. शेवटची वायर टेकवताना एक छोटी ठिणगी उडते, ती इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरत असल्याची, तिला घाबरू नका. वायरी उलट लावल्या तर मात्र फ्यूज उडतो, आणि फ्यूजने वेळेत काम केलं नाही तर आतलं कार्ड जळतं. म्हणून नट आवळण्याआधी बॅटरीवरची अधिक-उणे चिन्हं दोघांनी मोठ्याने वाचा. नट घट्ट झाले की वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, म्हणजे भुकटी लवकर धरत नाही.

इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असेल तर ते नव्या बॅटरीप्रमाणे करा. मग दहा-बारा तास पूर्ण चार्ज होऊ द्या आणि तोवर भार टाकू नका. बॅटरीवर मार्करने तारीख लिहा, बिल आणि वॉरंटी कार्डाचा फोटो काढून ठेवा.

आणि जागा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के झाला तरी तो पेट घेतो. बंद कपाटात, विशेषतः देवघराखालच्या कपाटात, जिथे वर निरांजन जळतं, तिथे बॅटरी ठेवू नका. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी छातीत धस्स होतं.

कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ एएचच्या आसपासची सीलबंद छोटी बॅटरी असते. पाणी घालायचं नसतं, तीन ते पाच वर्षं जाते. तीच क्षमता आणि तेच मोजमाप पाहून घ्या. ती फुगली असेल तर ओढून काढू नका, यूपीएस दुकानात न्या. बॅटरीचा कप्पा सोडून आतल्या सर्किटला हात लावू नका, प्लग काढल्यावरही तिथे वीज साठलेली असते.

जुनी बॅटरी कोणाला द्यायची

जुन्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. ते वितळवून पुन्हा बॅटरीत वापरता येतं, म्हणून तिला चांगली किंमत येते. दुकानदार ती ‘एक्स्चेंज’मध्ये वजा करतो. ती रक्कम आधी विचारा आणि बिलावर वेगळी लिहून घ्या. २०२२ पासून देशात बॅटरी कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून ती योग्य ठिकाणी देणं हे आपलं काम आहे.

भंगारवाला कधीकधी शंभर-दोनशे रुपये जास्त देतो आणि म्हणतो, “ॲसिड ओतून रिकामी करून ठेवा.” ते ॲसिड गटारात किंवा अंगणात गेलं की त्याबरोबर शिसंही जातं. पुढे ते डबे फोडून उघड्यावर भट्टीत वितळवले जातात आणि त्या धुराची राख जवळ खेळणाऱ्या मुलांच्या हातातोंडाशी येते. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते आणि शरीरात किती शिसं चालेल अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने मानलेली नाही. आमची जुनी बॅटरी भरलेली, उभी, झाकणं घट्ट लावून टेम्पोत चढवली आणि दुकानातून तिच्या वजनाची पावती घेतली.